स्वतःच्या लिंक शॉर्टनरसाठी ब्राउझर एक्स्टेन्शन कसं बनवायचं? सोप्या मराठीत संपूर्ण माहिती

एक छोटा प्रयोग करून बघा. मराठी विकिपीडियावर ‘महाराष्ट्र’ हे पान उघडा, वरची लिंक कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. ॲड्रेस बारमध्ये छान मराठी अक्षरं दिसत होती, पण पेस्ट केल्यावर बहुतेक वेळा टक्क्यांची चिन्हं, आकडे आणि इंग्रजी अक्षरांची भलीमोठी रांग दिसते.

याचं कारण साधं आहे. वेब ॲड्रेसमध्ये फक्त ठरावीक इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं थेट चालतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवायला यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट लागतात, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट ‘टक्का + दोन अक्षरं’ असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी १० चिन्हं आहेत, म्हणून लिंकमध्ये तो एकटा ९० अक्षरं खातो!

म्हणूनच मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना लिंक शॉर्टनरची गरज इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त असते. या लेखात आपण स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या शॉर्टनरसाठी ब्राउझर एक्स्टेन्शन कसं बनवायचं ते बघू. बटण दाबलं, लिंक छोटी झाली, कॉपी झाली, बस्स. थोडं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट येत असेल तर एका वीकेंडचं काम आहे. कोड येत नसेल तरी परवानग्यांचा भाग नक्की वाचा, कारण तुमच्या ब्राउझरमध्ये आत्ता असलेल्या प्रत्येक एक्स्टेन्शनला तो लागू होतो.

एक सूचना: फाइल्सची आणि सेटिंग्जची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.

## लिंक शॉर्टनर आतून कसा चालतो?

आतमध्ये फक्त एक तक्ता असतो. एका रकान्यात छोटा कोड, दुसऱ्यात मूळ लांब लिंक. कुणी छोटी लिंक उघडली की सर्व्हर तक्त्यात कोड शोधतो आणि ब्राउझरला सांगतो, “इथे काही नाही, त्या पत्त्यावर जा.” याला रीडायरेक्ट म्हणतात.

रीडायरेक्टचे दोन प्रकार लक्षात ठेवा. ३०१ म्हणजे कायमचा बदल. ब्राउझर तो लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी तुमच्या सर्व्हरला न विचारता थेट जातो. ३०२ म्हणजे तात्पुरता. ब्राउझर सहसा दर वेळी विचारतो. लिंक नंतर बदलायची असेल किंवा किती जणांनी उघडली ते मोजायचं असेल, तर ३०२ बरा.

छोटा कोड किती छोटा असावा? इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि आकडे मिळून ६२ चिन्हं होतात. ५ चिन्हांच्या कोडमध्ये ९१ कोटींहून जास्त वेगवेगळ्या जोड्या बनतात. आपल्या घरगुती वापराला हे सात जन्म पुरेल.

## फुकटच्या सेवा असताना स्वतःचा का?

कारण छोटी लिंक ही दुसऱ्याच्या हातात दिलेली दोरी असते. त्याने सोडली की तुमची लिंक पडली.

गूगलचंच उदाहरण घ्या. त्यांनी २००९ मध्ये गू डॉट जीएल हा शॉर्टनर आणला. २०१८ मध्ये तो गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि २०१९ मध्ये नवीन लिंक्स बनवणं बंद झालं. जुन्या लिंक्स चालत होत्या. मग २०२४ मध्ये सांगितलं की २५ ऑगस्ट २०२५ पासून त्याही चालणार नाहीत. अगदी शेवटच्या महिन्यात थोडी माघार घेतली आणि ज्या लिंक्स वापरात आहेत त्या चालू ठेवू, असं कळवलं. पण ज्यांच्यावर २०२४ च्या अखेरीस काहीच हालचाल नव्हती, त्यांना ही सूट मिळाली नाही. जुन्या पुस्तकात छापलेली, कुणाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधली लिंक नेमकी अशीच असते: क्वचित उघडली जाणारी, पण उघडली तेव्हा हवीच असणारी. गूगलचीच फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही सेवाही २५ ऑगस्ट २०२५ लाच बंद झाली.

डोमेनचाही प्रश्न असतो. बिटली ज्या ‘डॉट एलवाय’वर चालतो ते लिबिया देशाचं डोमेन आहे. २०१० मध्ये तिथल्या नोंदणी संस्थेने व्हीबी डॉट एलवाय नावाच्या शॉर्टनरचं डोमेनच काढून घेतलं होतं. आणि कंपनी बंद पडायचीही गरज नसते. एका फुकट सेवेवरच्या माझ्या ग्रुपच्या जुन्या लिंक्स आज चालतात, पण मध्ये आधी जाहिरातीचं पान येतं. नियम त्यांचे, आपण काय बोलणार?

स्वतःचा शॉर्टनर म्हणजे नियम तुमचे. पण जबाबदारीही तुमची. डोमेन विकत मिळत नाही, ते ठरावीक वर्षांसाठी भाड्याने मिळतं. नूतनीकरण विसरलात तर तुमच्या सगळ्या लिंक्स एका दिवसात मरतात. त्याहून वाईट म्हणजे तेच डोमेन दुसरा कुणी घेऊन तुमच्या जुन्या लिंक्स हव्या तिकडे वळवू शकतो. त्यामुळे ऑटो-रिन्यू चालू ठेवा आणि डेटाबेसचा बॅकअप घ्या. हे दोन्ही जमणार नसेल तर स्वतःचा शॉर्टनर न चालवलेलाच बरा.

## कोणतं सॉफ्टवेअर निवडायचं?

तीन नावं नेहमी येतात आणि तिन्ही ओपन सोर्स आहेत:

- युअर्ल्स: पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतो. २००९ पासून आहे. साध्या शेअर्ड होस्टिंगवरही बसतो.
- कट: नोड जेएसवर चालतो. स्वतःचं वेब पान आहे, लॉगिन करून लिंक्स बनवता येतात.
- श्लिंक: पीएचपीत लिहिलेला, पण मुख्यतः एपीआयमधून वापरायचा. डॉकरने पटकन उभा राहतो.

मी श्लिंक वापरतो, म्हणून पुढची उदाहरणं त्याचीच आहेत. तुमच्याकडे दुसरा असेल तर फक्त सर्व्हरशी बोलायचा भाग बदलेल, बाकी एक्स्टेन्शन जवळपास तसंच राहील.

सर्व्हर बसवणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे आपण धरून चालू की तुमच्याकडे तीन गोष्टी तयार आहेत: चालू असलेला श्लिंक, त्याला जोडलेलं छोटंसं डोमेन आणि एचटीटीपीएस. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. त्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण आपली गुप्त चावी याच रस्त्याने जाणार आहे.

## तयार एक्स्टेन्शन असताना स्वतः का बनवायचं?

चांगला प्रश्न आहे. या शॉर्टनरसाठी इतरांनी बनवलेली एक्स्टेन्शन्स मिळतात आणि त्यातली बरीच चांगली आहेत. पण एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतं, आणि त्याचा मालक बदलू शकतो.

द ग्रेट सस्पेंडर हे क्रोमचं एक्स्टेन्शन आठवतंय? न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं. प्रचंड लोकप्रिय होतं. २०२० मध्ये ते नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मालवेअर असल्याचं कारण देऊन गूगलने ते काढून टाकलं. वापरणाऱ्यांनी काहीही नवीन इन्स्टॉल केलं नव्हतं. जुनंच एक्स्टेन्शन त्यांच्या ब्राउझरमध्ये बसल्या जागी बदललं.

लिंक छोटी करणाऱ्या एक्स्टेन्शनकडे दोन मौल्यवान गोष्टी असतात: तुम्ही कोणतं पान बघताय त्याचा पत्ता आणि तुमच्या सर्व्हरची चावी. म्हणून माझं मत असं की, काम दोन-तीनशे ओळींत होत असेल तर ते स्वतः लिहावं. आणि लिहिताना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: याहून कमी अधिकारात हे काम होईल का?

## पायरी १: मर्यादित अधिकारांची चावी बनवा

एक्स्टेन्शन सर्व्हरशी एपीआयमधून बोलतं आणि ओळख म्हणून एपीआय की, म्हणजे एक लांबलचक गुप्त मजकूर, पाठवतं. श्लिंकमध्ये ही चावी सर्व्हरवर एका कमांडने तयार होते. तयार करताना दोन पर्याय नक्की वापरा:

1. फक्त स्वतःच्या लिंक्सपुरता अधिकार. श्लिंकमध्ये चावीला अशी भूमिका देता येते की त्या चावीने बनवलेल्या लिंक्सच तिला दिसतील आणि बदलता येतील. लॅपटॉप चोरीला गेला तरी बाकीच्या लिंक्स सुरक्षित.
2. मुदत. चावी कधी संपणार ती तारीख देता येते. सहा महिने किंवा एक वर्ष ठेवा.

आणि प्रत्येक ब्राउझरला वेगळी चावी द्या. कॉलेजच्या लॅपटॉपची चावी बंद करायची वेळ आली तर घरच्या कॉम्प्युटरला धक्का लागत नाही.

## पायरी २: एक्स्टेन्शनचा सांगाडा

एक्स्टेन्शन म्हणजे काही जादू नाही, एक फोल्डर असतो. आपल्या फोल्डरमध्ये एवढ्याच गोष्टी लागतील:

- मॅनिफेस्ट डॉट जेसन: एक्स्टेन्शनचं आधार कार्ड म्हणा. नाव, आवृत्ती, परवानग्या आणि कुठली फाइल कशासाठी, हे सगळं इथे.
- पॉपअप: आयकॉन दाबल्यावर उघडणारी छोटी खिडकी. एक एचटीएमएल आणि एक जावास्क्रिप्ट फाइल.
- सेटिंग्जचं पान: सर्व्हरचा पत्ता आणि चावी भरायला.
- आयकॉन: १६, ४८ आणि १२८ पिक्सेलचे.

मॅनिफेस्टची आवृत्ती ३ लिहा. आवृत्ती २ ची एक्स्टेन्शन्स क्रोमने आता बंद केली आहेत, त्यामुळे जुने यूट्यूब व्हिडिओ बघून शिकत असाल तर आधी ही ओळ तपासा.

आवृत्ती ३ चे दोन नियम नवख्यांना अडवतात. पहिला: एचटीएमएलच्या आत जावास्क्रिप्ट लिहिलेली चालत नाही. बटणाच्या टॅगमध्येच ‘क्लिक झाल्यावर हे कर’ लिहिलं तर बटण मुकं राहतं. सगळा कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा. दुसरा: बाहेरच्या वेबसाइटवरून स्क्रिप्ट ओढून चालवता येत नाही. जे चालायचं ते फोल्डरमध्येच असलं पाहिजे. दोन्ही नियम आपल्या भल्याचेच आहेत.

## पायरी ३: परवानग्या, सगळ्यात महत्त्वाचा भाग

चालू टॅबची लिंक हवी म्हटल्यावर बरेच जण ‘टॅब्स’ ही परवानगी मागतात. काम होतं, पण इन्स्टॉल करताना क्रोम इशारा देतो की हे एक्स्टेन्शन तुमची ब्राउझिंग हिस्टरी वाचू शकतं. आणि तो खरा असतो. उघड्या असलेल्या प्रत्येक टॅबचा पत्ता अशा एक्स्टेन्शनला कायम दिसतो.

आपल्याला एवढं लागतच नाही. आपल्याला हव्यात फक्त या गोष्टी:

- ॲक्टिव्ह टॅब: तुम्ही आयकॉन दाबला की फक्त त्या टॅबची माहिती, फक्त तेवढ्यापुरती मिळते. न दाबता काहीच दिसत नाही. इन्स्टॉल करताना इशाराही येत नाही.
- स्टोरेज: सेटिंग्ज साठवायला.
- होस्ट परवानगी: फक्त तुमच्या शॉर्टनरच्या डोमेनची. ‘सगळ्या वेबसाइट्स’ची अजिबात नाही.

होस्ट परवानगी कशाला? कारण एका ठिकाणचं पान दुसऱ्या सर्व्हरला विनंती पाठवतं तेव्हा ब्राउझर ‘कॉर्स’ नावाचा पहारा ठेवतो. होस्ट परवानगी असली की पॉपअपमधून गेलेली विनंती त्या पहाऱ्यात अडकत नाही.

एक्स्टेन्शन फक्त स्वतःसाठी असेल तर डोमेन थेट मॅनिफेस्टमध्ये लिहा. मित्रांनाही द्यायचं असेल, आणि प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा असेल, तर होस्ट परवानगी ‘ऐच्छिक’ म्हणून लिहा. म्हणजे इन्स्टॉल करताना काहीच मागितलं जाणार नाही. सेटिंग्जमध्ये डोमेन भरून ‘सेव्ह’ दाबल्यावर तेवढ्याच डोमेनची परवानगी विचारली जाईल. ही विचारणा बटण दाबल्यावरच करता येते, पान उघडताच आपोआप नाही.

## पायरी ४: चावी कुठे ठेवायची?

एक्स्टेन्शनला साठवणुकीच्या तीन जागा मिळतात. ‘सिंक’ ही तुमच्या अकाउंटमधून सगळ्या कॉम्प्युटर्सवर पोहोचते. ‘लोकल’ त्याच ब्राउझरमध्ये राहते. ‘सेशन’ फक्त मेमरीत असते, ब्राउझर बंद केला की पुसली जाते.

थीम, भाषा असल्या गोष्टी सिंकमध्ये खुशाल ठेवा. चावी मात्र लोकलमध्ये. प्रत्येक ब्राउझरला वेगळी चावी द्यायची असं आपण ठरवलंच आहे, मग ती सगळीकडे पसरवण्यात अर्थ नाही. पण एक समजून घ्या: लोकल म्हणजे कुलूपबंद तिजोरी नव्हे. तिथला मजकूर एन्क्रिप्ट केलेला नसतो. तुमच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करू शकणारा माणूस तो वाचू शकतो. म्हणून तर पहिल्या पायरीत चावीचे अधिकार कापले.

आणि चावी कोडमध्ये कधीही लिहू नका. फोल्डर गिटहबवर टाकला की ती जगजाहीर होते. नंतर ओळ खोडली तरी गिटच्या इतिहासात ती राहतेच.

सेटिंग्जच्या पानावर ‘तपासून बघा’ असं बटण द्या. श्लिंकमध्ये सर्व्हर जिवंत आहे का ते सांगणारा एक ‘हेल्थ’ पत्ता आहे, पण तो चावी विचारत नाही. त्यामुळे तिथून हिरवा कंदील मिळाला तरी चावी बरोबर आहे हे सिद्ध होत नाही. त्याऐवजी लिंक्सच्या यादीतली एक लिंक मागवा. ती विनंती यशस्वी झाली म्हणजे सर्व्हर आणि चावी दोन्ही ठीक.

## पायरी ५: बटण दाबल्यावर काय काय घडतं?

1. पॉपअप उघडतं आणि चालू टॅबचा पत्ता घेतं.
2. पत्ता एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसने सुरू होतो का ते बघतं. ब्राउझरची सेटिंग्ज किंवा कॉम्प्युटरवरची पीडीएफ असेल तर “ही लिंक इतरांना उघडणार नाही” असं सांगून थांबतं.
3. पत्त्यातला कचरा काढतं. यावर पुढे बोलू.
4. सर्व्हरला पोस्ट विनंती पाठवतं. हेडरमध्ये चावी, आत जेसन स्वरूपात लांब लिंक.
5. उत्तरात आलेली छोटी लिंक दाखवतं, शेजारी ‘कॉपी’ बटण.

चौथ्या टप्प्यात श्लिंकचा एक पर्याय जरूर चालू करा: ‘आधीपासून असेल तर तीच दे’. नाहीतर एकाच पानावर पाच वेळा बटण दाबलं की पाच वेगवेगळे कोड बनतात.

हवं असल्यास कोड स्वतः ठरवायची जागा द्या. लोकांना आठवेल असा कोड पोस्टरवर छापायला बरा पडतो. इथे मराठी शब्द टाकायचा मोह होईल, पण सुरुवातीचं गणित आठवा: ‘मराठी’ या पाच चिन्हांच्या शब्दाची कॉपी केल्यावर ४५ अक्षरं होतील. छोटी लिंक मोठी करण्यात काय मजा? शब्द मराठीच घ्या, फक्त इंग्रजी अक्षरांत लिहा.

पॉपअपबद्दल दोन बारकावे. तुम्ही बाहेर कुठेही क्लिक केलं की पॉपअप बंद होतं आणि त्यातलं काम अर्धवट राहू शकतं, म्हणून विनंती चालू असताना तसं स्पष्ट दाखवा आणि दहा सेकंदांत उत्तर नाही आलं तर थांबवा. आणि पानाचं शीर्षक पॉपअपमध्ये दाखवणार असाल तर ते साधा मजकूर म्हणूनच टाका, एचटीएमएल म्हणून नाही. शीर्षक कुणीतरी तिसऱ्याच माणसाने लिहिलेलं असतं. त्यात काय दडलंय कुणास ठाऊक.

## पायरी ६: लिंक साफ करा, पण जपून

इन्स्टाग्राम, फेसबुक किंवा जाहिरातीवरून आलेल्या लिंकच्या मागे शेपूट असतं. ‘यूटीएम’ने सुरू होणारे शब्द, ‘एफबीसीएलआयडी’, ‘जीसीएलआयडी’ वगैरे. तुम्ही कुठून आलात हे मोजण्यासाठी ते असतं. पान उघडायला ते लागत नाही, त्यामुळे काढून टाका.

पण प्रश्नचिन्हानंतरचं सगळंच छाटू नका. यूट्यूबच्या नेहमीच्या लिंकमध्ये व्हिडिओची ओळख प्रश्नचिन्हानंतरच असते. ती काढली तर व्हिडिओऐवजी भलतंच पान उघडेल. म्हणून ‘हे शब्द काढायचे’ अशी ठरावीक यादी ठेवा आणि यादीबाहेरच्याला हात लावू नका.

काही लिंक्स तर छोट्या करूच नयेत. पासवर्ड बदलायची ईमेलमधली लिंक, ‘ज्याच्याकडे लिंक आहे त्याला उघडेल’ अशी शेअर केलेली फाइल, परीक्षेच्या किंवा बँकेच्या पानाची लॉगिननंतरची लिंक. अशा लिंकचं लांब आणि अंदाज न येणारं असणं हेच तिचं कुलूप असतं. तिला पाच अक्षरांचा दरवाजा बसवला की कुलूप कमजोर झालं. माझ्या एक्स्टेन्शनमध्ये ‘टोकन’, ‘रीसेट’ असे शब्द लिंकमध्ये दिसले की ते आधी विचारतं, “नक्की छोटी करायची?” काही ओळींचं काम आहे, पण उपयोगी आहे.

## चालवून बघा

क्रोममध्ये एक्स्टेन्शन्सचं पान उघडा, ‘डेव्हलपर मोड’ चालू करा, ‘लोड अनपॅक्ड’ दाबून फोल्डर निवडा. झालं. फक्त स्वतःसाठी असेल तर स्टोअरमध्ये टाकायची गरजच नाही. टाकायचंच असेल तर क्रोम वेब स्टोअरला डेव्हलपर नोंदणीचे एकदाच ५ डॉलर लागतात. फायरफॉक्सकडे नोंदणी फुकट आहे, पण नेहमीच्या फायरफॉक्समध्ये कायमचं बसवायला मोझिलाची डिजिटल सही लागते. यादीत न दाखवता नुसती सही घेऊन एक्स्टेन्शन स्वतःकडे ठेवायचीही सोय आहे.

काही अडलं तर हे बघा:

- ४०१ आला: चावी चुकीची आहे किंवा मुदत संपली.
- ४०० आला: पाठवलेली माहिती पटली नाही. बहुतेक वेळा तुम्ही दिलेला कोड आधीच वापरलेला असतो. सर्व्हरचं उत्तर उघडून बघा, कारण त्यात लिहिलेलं असतं.
- ४०४ आला: सर्व्हरचा पत्ता किंवा एपीआयचा मार्ग चुकलाय. शेवटी जास्तीची तिरकी रेघ तर नाही ना?
- कॉर्सची तक्रार आली: होस्ट परवानगी मिळालेली नाही, किंवा डोमेन अक्षरशः तेच नाही.

वापरणाऱ्याला मात्र नुसता आकडा दाखवू नका. “चावीची मुदत संपली, नवी भरा” असं मराठीत लिहा.

## मोबाइलवर चालेल का?

आपल्यापैकी बहुतेक जण सगळं फोनवरच करतात, त्यामुळे हे स्पष्ट सांगतो. अँड्रॉइड फोनवरच्या नेहमीच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. फायरफॉक्समध्ये चालतात, डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइड फायरफॉक्सने सगळ्या डेव्हलपर्सच्या एक्स्टेन्शन्सना दार उघडलं. तुमचं एक्स्टेन्शन अँड्रॉइडवर चालतं असं मॅनिफेस्टमध्ये नमूद करा आणि बटणं अंगठ्याने दाबता येतील एवढी मोठी ठेवा. राइट क्लिकच्या मेनूवर विसंबू नका, ती सोय अँड्रॉइड फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शनला मिळत नाही.

एक्स्टेन्शनशिवायही मार्ग आहेत. अँड्रॉइडवर एचटीटीपी शॉर्टकट्स नावाचं ओपन सोर्स ॲप आहे आणि आयफोनवर ॲपलचं शॉर्टकट्स ॲप असतंच. दोन्हींमध्ये ‘या पत्त्यावर, ही चावी लावून, ही लिंक पाठव’ असं रचून ठेवता येतं. मग कुठल्याही ॲपमध्ये ‘शेअर’ दाबून लिंक छोटी करता येते. विनंती तीच, हेडर तेच. फोनसाठी चावी मात्र वेगळी घ्या.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या शॉर्टनरवर सगळ्यांना लिंक बनवू दिली तर?
नका देऊ. उघडा शॉर्टनर स्पॅम आणि फसवणूक करणारे पटकन शोधतात. त्यांच्या लिंक्समुळे तुमचं डोमेन धोकादायक यादीत गेलं की तुमच्या चांगल्या लिंक्सवरही लाल पान दिसायला लागतं.

देवनागरी डोमेन चालेल का?
‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन अधिकृतपणे मिळतं आणि चालतं. पण बऱ्याच ॲप्समध्ये ते इंग्रजी अक्षरांच्या विचित्र रूपात दिसतं. शॉर्टनरसाठी साधं, छोटं इंग्रजी अक्षरांचं डोमेन सोयीचं.

इन्कॉग्निटोमध्ये बटण का दिसत नाही?
तिथे एक्स्टेन्शन्स मूळ सेटिंगमध्ये बंद असतात. मी तसंच ठेवतो. खासगी खिडकीतल्या लिंक्स सर्व्हरच्या तक्त्यात कशाला?

सर्व्हर बंद पडला तर?
तो परत चालू होईपर्यंत एकही छोटी लिंक उघडणार नाही. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी, उदाहरणार्थ कॉलेजच्या रिपोर्टमध्ये, छोट्या लिंकसोबत मूळ पत्ताही लिहा.

## थोडक्यात

- डोमेन स्वतःचं, ऑटो-रिन्यू चालू, बॅकअप नियमित.
- चावी प्रत्येक ब्राउझरला वेगळी, कमी अधिकारांची, मुदतीची. कोडमध्ये कधीच नाही.
- परवानग्या फक्त तीन: ॲक्टिव्ह टॅब, स्टोरेज आणि तुमचं एकच डोमेन.
- गुप्त लिंक्स छोट्या करायच्या नाहीत.

आता एक काम लगेच करा. ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शन्सच्या यादीत जा आणि प्रत्येकाच्या ‘डिटेल्स’मध्ये त्याने काय काय मागितलंय ते वाचा. साधा कॅल्क्युलेटर किंवा स्क्रीनशॉटचं बटण ‘सगळ्या वेबसाइट्सवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ मागत असेल, तर तुमची लिंक छोटी करणारं आपलं एक्स्टेन्शन त्यातलं काहीच न मागता चालतं, हे लक्षात ठेवा आणि मग ते ठेवायचं की काढायचं ते ठरवा.